घाण्यामागे एक पळी तेल

चित्रांविषयी रेडिओवर बोलायचं ही तशी अडचणीचीच गोष्ट. दाखवता काही येत नाही. पण मी एकतीस वर्षं चाळीसगावात चित्रकलेचा मास्तर होतो. शाळेतले रंगीत खडू जुलैतच संपत, आणि मग मार्चपर्यंत तांबडा सूर्य तोंडानेच रंगवावा लागे. त्या सवयीच्या भरवशावर बोलतो.

विषय सुचला तो नातीमुळे. ती बारावीला आहे. अभ्यासाच्या नावाखाली ती कोरियन मालिका बघते हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आईला ठाऊक नाही असं फक्त तिला वाटतं. एका रात्री तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. "आबा, हे बघा." एक कोवळा मुलगा पियानोवर वाकून वाजवत होता. यून्चान लिम त्याचं नाव. २०२२ साली अमेरिकेतली व्हॅन क्लायबर्न स्पर्धा त्याने अठराव्या वर्षी जिंकली. त्या स्पर्धेचा तो सगळ्यात लहान विजेता. "आणि आबा, तोवर हा शिकायला परदेशी गेलेलाच नव्हता. सोलमध्येच शिकत होता. तिथे फक्त कलांचं सरकारी विद्यापीठ आहे. आपल्याकडे का नाही?"

नात प्रश्न विचारते तेव्हा मास्तरकी केलेल्या आजोबाला गप्प बसवत नाही. मी वाचायला घेतलं. कोरिया नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ आर्ट्स असं त्या संस्थेचं इंग्रजी नाव. त्याआधी तिथली गुणी मुलं व्हायोलिन-पियानो शिकायला न्यूयॉर्क नाहीतर युरोप गाठत. ज्यांना परवडे ती जात, बाकीची राहत. सरकारने ठरवलं की शाळाच इथे आणायची. १९९३ मध्ये संगीताचा विभाग उघडला. १९९४ मध्ये नाट्य, १९९५ मध्ये चित्रपट, १९९६ मध्ये नृत्य, १९९७ मध्ये दृश्यकला आणि १९९८ मध्ये त्यांच्या स्वतःच्या पारंपरिक कला. आपल्याकडे हातात पैसा येईल तशी घरावर एकेक खोली चढवतात, तसं त्यांनी दर वर्षाला एक दालन चढवलं. शेवटच्या दालनात पान्सोरी शिकवतात. एक गाणारा आणि एक ढोलवाला, दोघे मिळून तासन् तास कथा रंगवतात. आपले शाहीर डोळ्यांपुढे आले. २०२० मध्ये ज्या 'पॅरासाइट' सिनेमाला ऑस्कर मिळालं त्यातल्या ली सन-ग्युन आणि पार्क सो-दाम या नटनटीही याच विद्यापीठाच्या.

मला त्यात सगळ्यात शहाणपणाची वाटली ती वेगळीच गोष्ट. हे विद्यापीठ त्यांनी शिक्षण खात्याकडे दिलं नाही, सांस्कृतिक खात्याकडे ठेवलं. ज्याने एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या ग्रेडसाठी रांगेत उभे राहिलेले पालक पाहिले आहेत, त्याला यातली खुबी कळेल. "सर, मुलाला चित्र नाही आलं तरी चालेल, दहावीला जादा गुण मिळतात तेवढं बघा," असं मला सांगणारे गृहस्थ आजही बाजारात भेटतात आणि आदराने नमस्कार करतात.

पण नातीचा प्रश्न 'कोरियात काय आहे' हा नव्हताच. 'आपल्याकडे का नाही' हा होता. मी म्हटलं, रविवारी पाटण्याला जाऊ, मग सांगतो. तिला वाटलं म्हातारा देवदर्शनाला न्यायला निमित्त शोधतोय. तेही अगदीच खोटं नव्हतं.

चाळीसगावहून पाटणादेवी अठरा किलोमीटर. गौताळ्याच्या डोंगराची कमान, खाली जंगल, आणि त्यात चंडिकेचं जुनं दगडी देऊळ. नवरात्रात इथे पाय ठेवायला जागा नसते. येणाऱ्या शंभरांतल्या नव्व्याण्णवांना माहीत नसतं की या पाटण्यात एका शाळेचा जन्मदाखला दगडावर कोरलेला सापडला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये तो विद्वानांपुढे मांडला. काळ शके ११२८ नंतरच्या श्रावणातल्या पौर्णिमेचा, चंद्रग्रहणाची वेळ. इंग्रजी हिशेबाने १२०७ चा ऑगस्ट. थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी होता. आपल्या आजोबांचे ग्रंथ, 'सिद्धान्तशिरोमणि' आणि बाकीचे, पुढच्या पिढ्यांनी शिकावेत म्हणून त्याने इथे मठ काढला. यादवांचा मांडलिक, निकुंभ घराण्यातला सोइदेव, याने त्या मठाला देणगी दिली.

नातीला मी म्हटलं, "बघ, आठशे वर्षांपूर्वी तुझ्या तालुक्यात एका विषयाचं विद्यापीठ होतं."

"पण गणिताचं," ती म्हणाली. तिला गणित आवडत नाही.

गणिताचंच. पण मला या लेखातला गणिताचा भाग कधी भावला नाही; मला भावतो शेवट. वरचा लेख संस्कृतात आहे, राजांची स्तुती, वंशावळ, सगळं भारदस्त. आणि पैशाची गोष्ट आली की कोरणाऱ्याची भाषा बदलते. तो मराठीत येतो. ज्यांच्याकडून वसूल करायचं त्यांना कळलं पाहिजे ना! पाटण्याच्या बाजारात जो माल उघडेल त्याच्यावरचा राजाचा हिस्सा मठाला. गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या. आणि गावात जितके तेलाचे घाणे चालतील तितक्यांमागे एकेक पळी तेल. मराठीतल्या अगदी जुन्या लेखांपैकी हा एक, आणि त्यात आहे काय, तर शाळेच्या खर्चाची तरतूद.

कल्पना करा. तेल्याला लीलावतीतलं एक उदाहरण सुटत नसेल. पण रात्री मठात पोरं ज्या दिव्याखाली वाचायची, त्यात त्याचं पळीभर तेल असणार. तेल दिव्यातच जायचं की फोडणीत, ते लेखात लिहिलेलं नाही. मास्तर म्हणून मी दिवा धरून चालतो.

तिथून पुढे, त्याच डोंगररांगेत, पितळखोऱ्याची लेणी आहेत. ती पाटण्याच्या मठाहून बाराचौदाशे वर्षांनी जुनी. तिथे एक ठेंगणा, पोट सुटलेला, खदखदून हसणारा यक्ष सापडला. आता तो दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर अक्षरं कोरली आहेत: हा कान्हदास सोनाराने केला. दागिने घडवणारा माणूस दगडाकडे वळला आणि हातावर नाव ठेवून गेला. तो कुठल्या शाळेत शिकला? घरात, बापाच्या शेगडीशेजारी. आपल्याकडे कलेचं शिक्षण हजारो वर्षं असं घराघरांत विखुरलेलं होतं. सोनार, सुतार, पाथरवट, गुरव. त्याला विद्यापीठ लागत नव्हतं, कारण पोटापाण्याचा धंदा आणि कला वेगळी झालेली नव्हती. राजे गेले, गिऱ्हाईक गेलं, गिरणीचा आणि साच्याचा माल आला, तेव्हा ती घरं बंद पडली. मग शाळेची गरज लागली.

ती शाळा उघडली मुंबईत. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी १८५३ मध्ये एक लाख रुपये देऊ केले आणि मार्च १८५७ मध्ये वर्ग सुरू झाले. हे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. आता यात आम्हा खानदेशी माणसांनी कॉलर ताठ करावी असा एक भाग आहे. आमची पोरं जे.जे.त जायच्या कितीतरी आधी जे.जे.च आमच्या दारात आलं. १८७२ पासून १८८५ पर्यंत जॉन ग्रिफिथ्स हे तिथले शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला येत राहिले. वाघूर नदीच्या वळणावर ती लेणी आहेत, आणि तिथलं पाणी पुढे आमच्या जळगाव जिल्ह्यातच उतरतं. पेस्तनजी बोमनजी हा पारशी तरुण त्या विद्यार्थ्यांत आघाडीवर होता. लेण्यांतल्या अंधारात, वटवाघळांच्या वासात, कॅनव्हासवर भिंतीवरची चित्रं उतरवून घ्यायची. युरोपातल्या पुतळ्यांच्या नकला करून कंटाळलेल्या मुलांना इथे आपल्याच माणसांनी काढलेले हात, डोळे, कमळं पाहायला मिळाली. तेरा वर्षं चाललेला तो वर्ग होता असंच मी म्हणेन.

त्या कामाचं पुढे काय झालं ते ऐकवत नाही. ग्रिफिथ्सच्या नकला लंडनला पाठवल्या आणि १८८५ मध्ये तिथे आग लागून त्यांतल्या बऱ्याच जळाल्या. त्याआधी मेजर रॉबर्ट गिल याने आयुष्याची उमेद घालवून ज्या नकला केल्या, त्या १८६६ मध्ये लंडनच्याच क्रिस्टल पॅलेसमध्ये खाक झाल्या होत्या. गिल १८७९ मध्ये वारला. त्याला पुरलं आमच्या भुसावळला. भुसावळ स्टेशनवर केळी विकत घेणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

खानदेशातून उलट जे.जे.कडे गेलेल्यांत सगळ्यात मोठं नाव राम सुतार यांचं. धुळ्याजवळच्या गोंदूरचे, जन्म १९२५ चा, सुतारकाम करणाऱ्या घरातले. त्यांचे गुरू रामकृष्ण जोशी यांनी त्यांची बोटं ओळखली आणि त्यांना मुंबईला पाठवलं. १९५३ मध्ये ते सुवर्णपदक घेऊन बाहेर पडले. पुढे वेरूळ-अजिंठ्याच्या भंगलेल्या शिल्पांची डागडुजी करायचं काम त्यांनी केलं, आणि २०१८ मध्ये गुजरातेत उभा राहिलेला सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा त्यांच्या कल्पनेतून उतरला. पुतळा किती उंच, याचं मला फारसं काही नाही. मला त्या गोष्टीत जोशी गुरुजी दिसतात. कोणीतरी पोराला हाताला धरून स्टेशनपर्यंत नेलं होतं.

आणि याच ठिकाणी मला माझ्या गावाची, आणि खरं तर माझी, गोष्ट सांगावी लागते.

चाळीसगाव स्टेशनजवळ एक दगडी बंगला आहे. केकी मूस यांचा. जन्म मुंबईचा, २ ऑक्टोबर १९१२. वडील माणेकजी यांचा चाळीसगावात सोड्याचा आणि दारूविक्रीचा धंदा होता. केकी इंग्लंडला जाऊन कमर्शियल आर्ट शिकले आणि १९३८ च्या सुमारास परतले. त्यांनी कुठे राहावं? मुंबईत ओळखी होत्या, कामं मिळाली असती. ते या धुळीच्या जंक्शनवर येऊन राहिले आणि पुढची पन्नासएक वर्षं जवळजवळ घराबाहेर पडले नाहीत. दोनदाच पडले म्हणतात, त्यांतलं एकदा विनोबांचा फोटो काढायला. बंगल्याला त्यांनी नाव दिलं होतं 'रेम्ब्रांट्स रिट्रीट', म्हणजे रेम्ब्रांटचा एकांतवास. ३१ डिसेंबर १९८९ ला ते गेले.

त्या बंगल्यात काय नव्हतं! छायाचित्रं, त्यांची डार्करूम, तैलचित्रं, शिल्पं, लाकडातलं काम, कागदाच्या घड्यांचं काम, संगीत, पुस्तकं, जुन्या वस्तू. सोलला ज्यासाठी सहा दालनं बांधली, त्यांतली बरीच एका माणसाने एका घरात भरवली होती. तीनशेच्या आसपास पारितोषिकं त्यांच्या छायाचित्रांना जगभरातून मिळाली असं सांगतात. त्यांचा हातखंडा टेबलटॉप छायाचित्रणात. म्हणजे असं की टेबलावरच देखावा मांडायचा. वाळूचं वाळवंट, काटकीचा वृक्ष, काचेचं तळं, कापसाचं धुकं. मग त्यावर खालून, अगदी टेबलाच्या कडेला डोळा लावून, कॅमेरा रोखायचा. ऐकायला पोरखेळ वाटतो. करून बघा. वाळूचा एक कण जाड निघाला की सगळं वाळवंट टेबल होऊन बसतं. जवळचं आणि लांबचं दोन्ही स्पष्ट यावं म्हणून भिंगाचं तोंड बारीक करायचं, मग उजेड कमी पडतो, मग झडप बराच वेळ उघडी ठेवायची, आणि त्या वेळात काटकी हलता कामा नये. आणि दिवा इतका तिरपा हवा की काटकीची सावली झाडाइतकी लांब पडावी. घराबाहेर न पडणाऱ्या माणसाने या टेबलावर डोंगर, बर्फ, मुक्काम, संध्याकाळ असं सगळं जग मांडलं.

गावाने त्यांना कलामहर्षी म्हटलं. आणि गावाने त्यांची एक प्रेमकहाणी केली. मुंबईची कोणी मैत्रीण, तिने रात्रीच्या गाडीने येईन असं वचन दिलेलं, म्हणून रोज गाडीच्या वेळेला दारं उघडी, दिवे लावलेले, ताटं दोन. तुम्ही ही गोष्ट ऐकली असेल. चाळीसगावचं नाव काढलं की पाहुणे हीच विचारतात. खरी-खोटी देव जाणे. माझी तक्रार इतकीच आहे की ही गोष्ट सांगता सांगता आम्ही त्यांची चित्रं बघायची विसरलो. प्रेमात वेडा झालेला माणूस समजायला सोपा असतो. रोज रात्री बारा तास काम करणारा माणूस समजायला जड जातो, कारण मग आपण काय करतो हा प्रश्न येतो.

माझं सांगतो. १९७७ मध्ये मी शाळेत लागलो. मूस यांचं घर माझ्या घरापासून चालत दहा मिनिटं. ते त्यानंतर बारा वर्षं हयात होते. मी एकदाही त्यांचं दार वाजवलं नाही. जे.जे.ला जायची माझी इच्छा घरच्या परिस्थितीत बसली नव्हती. वडील जिनिंगमध्ये मुकादम. मग कलाशिक्षकाची पदविका घेऊन परत आलो होतो आणि मनात एक कडवटपणा होता. विलायतेत शिकलेल्या माणसापुढे आपण काय जायचं? एकदा मात्र गेलो. वर्गातल्या दोन मुलांचे हात खरोखर चांगले होते. एक कुंभाराचा मुलगा, दुसरा गॅंगमनचा. त्यांच्या चित्रांची गुंडाळी काखेत मारून मी फाटकापर्यंत गेलो. आत कुत्रा भुंकला. मी उभा राहिलो, बिडी ओढली, आणि परत आलो. मुलांना सांगितलं, साहेब झोपले होते. दुपारची वेळ होती, ते दिवसा झोपत आणि रात्री काम करत असं गावात सगळे म्हणायचेच, त्यामुळे ते खोटंही चाललं.

कुंभाराचा मुलगा पुढे सुरतेला कापडावर छपाईच्या कामाला लागला. दुसऱ्याचं काय झालं मला कळलं नाही.

मूस गेल्यावर मी तो बंगला आतून पाहिला. त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानने वास्तू आणि संग्रह राखला आहे, आणि तो राखणाऱ्या लोकांना मी मनापासून हात जोडतो. पण आतल्या वस्तू पाहताना मला सारखं वाटत होतं की इथे एक बाक हवा होता. विद्यार्थ्याला बसायला. त्यांच्या हातातलं ते टेबलावरचं कसब पुढच्या हातात गेलं असतं तर? दोष त्यांचा म्हणू? ते आपलं काम करत होते. घाणे तर गावात चालू होते. जिनिंग होतं, गिरणी होती, केळीच्या आणि कापसाच्या पैशाने नवी घरं उठत होती. पळीभर तेल कोणी आणून दिलं नाही, मीही नाही.

ज्यांनी बाक मांडला त्यांचीही गोष्ट नातीला सांगितली, कारण तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे होतं. विष्णू नारायण भातखंडे हे मुंबईतले वकील. त्यांनी देशभर हिंडून उस्तादांच्या घरांतून चिजा गोळा केल्या आणि 'हिंदुस्थानी संगीतपद्धती' हा मोठा ग्रंथ लिहिला, तोही मराठीत. १९२६ मध्ये त्यांच्या पुढाकाराने लखनौला मॅरिस कॉलेज निघालं. तिथे त्यांनी बसवलं आपला शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांना. मुंबईत १८९९ मध्ये जन्मलेला हा माणूस बडोद्याला फैयाज खाँसाहेबांकडेही शिकलेला. मैफली गाजवायचं सोडून त्यांनी लखनौत पैशाची ओढाताण सोसत वर्षानुवर्षं मुलांना शिकवलं. के. जी. गिंडे, एस. सी. आर. भट, दिनकर कायकिणी, सुमती मुटाटकर ही त्यांच्या हाताखालून गेलेली मंडळी. त्यांच्याहून आधीचे विष्णू दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते राजाच्या दरबारावर अवलंबून न राहता लोकांच्या वर्गणीवर आणि जलशांच्या तिकिटांवर. पुढे मुंबईची इमारत कर्जापायी गेली, पण १९३१ मध्ये ते वारल्यावर शिष्यांनी मंडळ उभं केलं. आज आमच्या खानदेशातल्या मुली हार्मोनियमच्या ज्या परीक्षा देतात, त्या त्याच मंडळाच्या.

आणि मग खैरागड. नागपूरच्या पलीकडे, राजनांदगावजवळचं छोटं संस्थान. राजा वीरेंद्र बहादूर सिंह आणि राणी पद्मावती देवी यांची मुलगी इंदिरा लहानपणीच वारली. तिच्या नावाने त्यांनी आपला राजवाडाच दिला आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय सुरू झालं. केवळ संगीत, नृत्य, चित्र, शिल्प यांसाठीचं विद्यापीठ, सोलच्या छत्तीसेक वर्षं आधी. तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती, म्हणजे विदर्भ आणि खैरागड एकाच राज्यात होते. अठराच दिवसांनी, १ नोव्हेंबरला, राज्यांची नवी आखणी झाली आणि विदर्भ मुंबई राज्यात आला. कलेचं विद्यापीठ रेघेच्या त्या बाजूला राहिलं. सुरुवातीच्या काळात, १९५७ ते १९६० या वर्षांत, तिथे कुलगुरू होते ते रातंजनकर.

आम्ही मराठी माणसांनी कलेची विद्यापीठं बांधली नाहीत असं नाही. बांधली ती लाहोरला, लखनौला, खैरागडला. महाराष्ट्रात मात्र जे.जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळायला २०२३ साल उजाडलं, आणि त्याआधी बराच वाद झाला. माझी धास्ती साधी आहे: दर्जा वाढला की फी वाढते, आणि मग गोंदूरच्या सुताराच्या पोराने कुठे जायचं? आमच्या भागाला १९९० मध्ये विद्यापीठ मिळालं. त्याला २०१८ पासून बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. जिला लिहिता येत नव्हतं, जिच्या ओव्या मुलाने आणि भाच्याने कागदावर उतरवल्या, तिचं नाव. हे मला फार आवडतं. तिच्या नावाच्या विद्यापीठात जात्यावर बसून गाणाऱ्या बायकांना शिक्षक म्हणून बोलवावं, असं मी एका सभेत म्हणालो होतो. लोक हसले. मी विनोद केला नव्हता.

हे सगळं मी पाटण्याच्या पायरीवर बसून सांगितलं. नातीने मध्ये दोनदा मोबाइल पाहिला, पण ऐकलं. मग म्हणाली, "आबा, खैरागडला चित्रकलेला प्रवेश मिळतो का आपल्याला?"

मिळतो, परीक्षा द्यावी लागते. सुनेला वाटतं पोरगी जे.जे.ला जावी, मुंबईत मावशी आहे. मुलाला वाटतं फार्मसी बरी. निर्णय झालेला नाही, आणि होईल तो माझ्या मताने होणार नाही हे मला ठाऊक आहे. तिकिटाचे पैसे देतो एवढंच मी बोललो आहे. आमच्या गावाला एक बरं आहे. मुंबई सव्वातीनशे किलोमीटर एका बाजूला, आणि त्याच रुळांवर उलट्या दिशेने भुसावळ, नागपूर, डोंगरगड. कुठल्याही गाडीत बसलं तरी कलेची एक शाळा लागते.

मागच्या गुरुवारी आम्ही दोघं मूस यांच्या बंगल्यावर गेलो. तिने एका टेबलटॉप चित्रासमोर उभं राहून विचारलं की यातला उजेड कुठून येतो. मी सांगितलं, डावीकडून, खालून. ती म्हणाली, नाही आबा, दोन दिवे आहेत, दुसरा मागे आहे, काटकीच्या कडेला बघा. मी चष्मा पुसून पाहिलं. दुसरा दिवा होता. घरी आल्यावर तिने माझं जुनं ड्रॉइंग बोर्ड माळ्यावरून काढलं. ते सुटकेसमध्ये मावत नाही, बर्थखालीही तिरकंच ठेवावं लागेल.